कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गिरणीचा भोंगा

१/
होनोलुलूच्या कोणत्याही साध्या उपाहारगृहात 'प्लेट लंच' मागितले, की समोर येते ते असे : दोन डाव भात, एक डाव मॅकरोनी सॅलड आणि शेजारी जपानी, कोरियन, फिलिपिनो किंवा स्थानिक हवाईयन धाटणीचे मांस. हे ताट कोणा राजाच्या मुदपाकखान्यात जन्मले नाही. ते उसाच्या मळ्यात, मजुराच्या डब्यातून जन्मले. सोलापूरलाही असे एक ताट आहे. फरक इतकाच, की त्याला कोणी नाव दिले नाही. त्या ताटाचा हा इतिहास.

२/
आधी हवाई. काऊआई बेटावर कोलोआ येथे १८३५ मध्ये उसाचा पहिला यशस्वी व्यापारी मळा उभा राहिला. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन लोकसंख्या झपाट्याने घटत होती, आणि मळ्यांना माणसे हवी होती. १८५२ पासून करारावर चिनी मजूर आले, १८७८ पासून पोर्तुगीज, १८८५ पासून मोठ्या संख्येने जपानी. मग १९०० नंतरच्या काही वर्षांतच पोर्टोरिकन, कोरियन आणि फिलिपिनो.

३/
मजुरांच्या जेवणाच्या दोन कप्प्यांच्या डब्याला 'काउकाउ टिन' म्हणत. खालच्या कप्प्यात भात, वरच्यात कालवण. दुपारी उसाच्या फडात बसून एकाने दुसऱ्याच्या कालवणाची चव घ्यावी, हे चित्र तिथल्या जुन्या लोकांच्या आठवणींत वारंवार येते. १९३० च्या दशकात होनोलुलूत हातगाड्यांवरून असे जेवण विकले जाऊ लागले, आणि डब्याचे ताट झाले.

४/
हे चित्र गोड आहे. मात्र त्याच मळ्यांत वंशावरून मजुरी ठरे आणि वंशावरून वस्त्या वेगळ्या असत. १९०९ मध्ये जपानी मजुरांनी एकट्याने संप केला, तो फसला. १९२० मध्ये जपानी आणि फिलिपिनो मिळून उभे राहिले, तरी माघार घ्यावी लागली. १९४६ मध्ये सर्व वंशांचे सुमारे २६,००० मजूर एका संघटनेखाली ७९ दिवस संपावर गेले. संपाच्या सामुदायिक स्वयंपाकघरांसाठी कोणी मासे धरले, कोणी रानडुकरे मारली, कोणी भाजी पिकवली. तो संप जिंकला गेला. एका पंगतीला बसायला त्यांना जवळजवळ शंभर वर्षे लागली होती.

५/
या ताटातला एक विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हवाईचे खरे मूळ अन्न म्हणजे 'कालो', म्हणजेच अळू. महाराष्ट्रात ज्याच्या पानांची वडी आणि फदफदे होते, तीच वनस्पती. तिथे कंद शिजवून, कुटून त्याचे 'पोई' करतात. उसासाठी डोंगरातले ओढे वळवले गेले, तेव्हा अळूची पाणथळ खाचरे कोरडी पडली. म्हणजे बेटाच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या ताटात बेटाचे स्वतःचे धान्य उरले नाही. हा धागा पुढे सोलापुरात पुन्हा हाताशी येईल, पण उलट्या बाजूने.

६/
आता सोलापूर. १८६० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग येथे पोहोचला. काळ्या मातीतला कापूस आणि हातमागाची जुनी पेठ यांना वाफेच्या यंत्राची जोड मिळाली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. पुढे तिला सारे शहर 'जुनी मिल' म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्यांची धुराडी उभी राहिली.

७/
१८७७ हे साल नुसते वाचून पुढे जाऊ नये. १८७६ च्या पावसाने दगा दिला होता आणि दख्खनवर १८७६–७८ चा महादुष्काळ कोसळला होता. गिरणीचे चाक फिरू लागले ते भुकेच्या वर्षी. गावे रिकामी होत होती, खडी फोडण्याच्या आणि तलाव खणण्याच्या सरकारी कामांवर माणसांची रीघ लागली होती.

८/
त्या कामांवर किती खायला द्यायचे, हा तेव्हाचा राजकीय प्रश्न होता. सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी मजुरी खाली आणली : प्रौढ पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, ज्वारीच्या चार-पाच भाकऱ्या, जेमतेम सोळाशे कॅलरी. आणि तेवढ्यावर दिवसभर दगड फोडायचे.

९/
मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी या आकड्याला जाहीर विरोध केला. दख्खनमधल्या मजुरांनी विरोध अधिक थेटपणे केला : घटवलेल्या मजुरीवर काम करायचे नाकारून हजारो माणसे कामांवरून उठून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. ज्यांना पुढे 'गिरणी कामगार' म्हटले गेले, त्या समाजाने भाकरीच्या मापावरून सरकारशी पहिला वाद घातला तो असा, गिरणीच्या फाटकाबाहेर. टेंपलसाहेब मात्र त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

१०/
भुकेची आठवण या मुलुखात त्याहून जुनी आहे. सोलापूरपासून जवळच असलेले मंगळवेढे संत दामाजीपंतांचे गाव. परंपरा सांगते, की बीदरच्या सुलतानाच्या चाकरीत असलेल्या दामाजींनी पंधराव्या शतकातल्या दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन त्या धान्याची भरपाई केली. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते : या प्रदेशाने आपला संत निवडला तो ज्वारीच्या कोठाराची किल्ली फिरवणारा.

११/
ती ज्वारी कोणती? सोलापूर-मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि नंतर जवळजवळ आकाशाकडे न पाहता वाढवायची. कारण खोल काळी माती पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते. पौषात कोवळ्या कणसांचा हुरडा, फाल्गुनात काढणी. धान्य माणसाला, कडबा जनावराला. जुन्या काळी धान्य जमिनीतल्या पेवात वर्षानुवर्षे राहत असे.

१२/
या भागातल्या शेतकऱ्यांनी निवडत आणलेल्या वाणाचे नाव मालदांडी. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून 'एम ३५-१' ही निवड झाली, आणि आजही रब्बी ज्वारीच्या भाकरीचा विषय निघाला की तुलना तिच्याशीच होते. त्याच दशकात सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. म्हणजे धान्य, माती आणि त्यांचा अभ्यास, तिन्ही एका जिल्ह्यात. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. हवाईच्या ताटात जे हरवले, ते सोलापूरच्या ताटात मध्यभागी राहिले.

१३/
आता भाकरी कडक का केली जाते? ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते. पीठ कढत पाण्यात भिजवले, की त्यातला स्टार्च फुलतो आणि पिठाला चिकटपणा येतो. तेवढ्यावर ती थापली जाते. कडक भाकरी नेहमीच्या भाकरीपेक्षा पातळ थापतात, बहुधा वर तीळ लावतात, आणि तव्यावर भाजून झाल्यावर चुलीच्या धगीला ठेवून तिच्यातला ओलावा पुरता काढून टाकतात. पाणी गेले की बुरशीला आधार राहत नाही. अशी भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते.

१४/
ही गिरणी कामगारांनी शोधून काढलेली भाकरी आहे, असे समाजमाध्यमांवर अधूनमधून वाचायला मिळते. ते खरे मानायचे कारण नाही. विजापूर, कलबुर्गी, सोलापूर या साऱ्या ज्वारीच्या पट्ट्यात ती आहे. कन्नडमध्ये तिला 'खडक रोट्टी' म्हणतात. प्रवास, यात्रा, दूरच्या रानातली कामे आणि पाण्याची-सरपणाची टंचाई यांची ती लेक. गिरणीने तिला जन्म दिला नाही. गिरणीने तिला वेळापत्रक दिले.

१५/
ते वेळापत्रक कायद्यात सापडते. १८९१ च्या कारखाना कायद्याने दुपारी १२ ते २ च्या दरम्यान अर्धा तास काम थांबवणे सक्तीचे केले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांवर आणला, १९२२ मध्ये तो ११ तास झाला, १९३४ च्या कायद्याने १० तास. अर्ध्या तासात घरी जाऊन, गरम जेवून परतणे बहुतेकांना अशक्य. मग फडक्यात बांधलेली भाकरी, कागदात किंवा डबीत चटणी, एक कांदा. न गळणारे, न विटणारे, तापवावे न लागणारे अन्न.

१६/
आणि भोंगा पहाटेचा. भोंग्याआधी भाकरी थापायची, तर बाईने त्याच्याही आधी उठायचे. त्यातही गिरणीत केवळ पुरुष नव्हते. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. जिला स्वतः पाळीवर जायचे आहे, तिच्यासाठी आठवड्याच्या भाकऱ्या एकदाच करून ठेवता येणे ही चैन नव्हती. ती चार तासांची झोप होती. कामगार इतिहासाच्या पुस्तकांत संपाच्या तारखा सापडतात. या झोपेचा हिशेब सहसा सापडत नाही.

१७/
भाकरीशेजारी शेंगाचटणी. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे, मीठ. आणि मुख्य म्हणजे उखळ. चटणी दळत नाहीत, कुटतात. घावाने दाणा चिरडतो, तेल सुटते, आणि तेच तेल तिखट-लसणाला धरून ठेवते. पाण्याचा थेंबही नसल्यामुळे ती टिकते. मिक्सरमध्ये केलेला भुगा आणि कुटलेली चटणी यांतला फरक सोलापूरकराला डोळे मिटूनही कळतो.

१८/
गंमत अशी, की ही अस्सल सोलापुरी चटणी जवळजवळ पूर्णपणे अमेरिकेतून आलेली आहे. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दख्खनच्या शेतात तो खऱ्या अर्थाने पसरला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याची पहिली दशके या काळात, म्हणजे गिरण्यांच्याच काळात. त्याआधी भाकरीबरोबर चटणी नव्हती असे नव्हे : जवस, कारळे, तीळ होतेच, आणि करडईचे तेल होते. ती मंडळी आजही ताटात आहेत; फक्त शेंगदाण्याने मधली जागा पटकावली.

१९/
म्हणून 'स्थानिक' या शब्दाचा वापर जरा जपून करावा. होनोलुलूच्या ताटात पदार्थ परके आणि नाव स्थानिक. सोलापूरच्या ताटात धान्य हजारो वर्षांचे आणि चटणी जेमतेम दीडशे वर्षांच्या आसपासची. पण शेंग सोलापूरच्या रानात पिकू लागली, तिथल्या उखळात कुटली गेली, आणि तिथल्या भुकेला पुरली. मूळ गाव विचारून तिला दारात अडवण्यात अर्थ नाही.

२०/
आणखी एक भाबडा दावा खोडायला हवा. भाकरी-चटणी हे 'परिपूर्ण अन्न' असल्याचे हल्ली कौतुकाने सांगतात. ऊर्जा आणि स्निग्धांश यांच्या दृष्टीने ते उत्तम आहे. परंतु ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते, आणि शेंगदाणाही ती उणीव पुरती भरून काढत नाही. ती भरते डाळीने : तुरीची आमटी, हुलग्याचे माडगे, पिठले, मटकीची उसळ. डाळ घेण्याइतके पैसे हातात असणे-नसणे हाच कामगाराच्या ताटातला खरा फरक होता. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या कामगार खात्याने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, ती याच प्रश्नापोटी : मिळते त्यात भागते का?

२१/
ताट केवळ भाकरीचे नव्हते, कारण शहर एका भाषेचे नव्हते. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पूर्व भागात वसले. लिंगायत समाज कन्नड-मराठी दोन्ही बोलणारा. भोवतालच्या खेड्यांतून मराठी शेतकरी आणि दलित कुटुंबे आली, मुस्लिम विणकर आणि कारागीर होतेच, मारवाडी-गुजराती व्यापारी होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सोलापूरच्या विणकर समाजांचा स्वतंत्र अभ्यास करवला, र. गो. काकडे यांचा तो ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

२२/
म्हणून सोलापुरात सणाचे पदार्थ गल्लीगणिक बदलतात. लिंगायत घरात शेंगापोळी आणि खपली गव्हाची हुग्गी. पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव आणि आश्विनात फुलांची बतकम्मा. तिच्यासोबत चिंचेचा, तिळाचा, दह्याचा असे कालवलेले भात. मराठी घरात धपाटे आणि दही. सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या सावजी खानावळीत झणझणीत मटण. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, आणि भोगीला घराघरात बाजरीची तीळ लावलेली भाकरी व रानातल्या हरभरा-वाटाणा-वांगी-गाजर-शेंगदाण्यांची एकत्र भाजी होते.

२३/
येथे एक सूक्ष्म फरक आहे. हातमागाचा विणकर घरातच, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून काम करी; त्याचे ताट घरात वाढले जाई. डबा ही गिरणीची निर्मिती. त्यामुळे एकाच समाजातल्या दोन भावांचे दुपारचे जेवण वेगळे असू शके : एकाला ताकभात, दुसऱ्याला कडक भाकरी. तेलुगू घरांत ज्वारीची भाकरी रुजली आणि मराठी घरांत चिंचेचा आंबटपणा वाढला, तो या शेजारातून.

२४/
मग सोलापुरातही फडातल्यासारखी एकमेकांच्या डब्यात हात घालणारी पंगत होती का? हा प्रश्न टाळून या ताटाचा इतिहास लिहिता येत नाही. पदार्थ एका घरातून दुसऱ्या घरात गेले. माणसे मात्र एका पंगतीला बसलीच असे नाही. खानावळी समाजासमाजाच्या होत्या. लिंगायत खानावळ, मराठा खानावळ या पाट्या केवळ चवीच्या नव्हत्या.

२५/
मुंबईच्या गिरण्यांत तर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात घेतलेच जात नसे. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि त्यांच्या ओठांना लागलेला धोटा इतर कामगार तोंडाला लावणार नाहीत. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. जिथे लाकडी धोटा बाटत होता, तिथे पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा यांची स्थिती काय असेल, हे निराळे सांगायला नको.

२६/
सोलापुरात आणखी एक कुंपण होते, तारेचे. कायद्याने ज्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, त्यांतल्या अनेकांना येथल्या सेटलमेंटमध्ये डांबले गेले. दिवसा गिरणीत राबायचे, हजेरी द्यायची आणि परत तारेआड. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते शिक्के कायद्याने पुसले गेले. 'सेटलमेंट' हे नाव मात्र शहरात आजही वस्तीचे नाव म्हणून चालते. कडक भाकरीच्या कौतुकाच्या लेखांत या वस्तीच्या चुलींचा उल्लेख आढळत नाही.

२७/
पंगत एक झाली नसली, तरी रस्ता एक झाला. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली : मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. ही चार नावे ओळीने वाचली, तरी शहरातल्या चार निरनिराळ्या स्वयंपाकघरांचा वास येतो.

२८/
स्वातंत्र्यानंतर गिरण्यांना उतरती कळा लागली. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली आणि हजारो घरांचा भोंगा थांबला. सरकारने १९५० मध्ये खास कायदा करून गिरणीचा कारभार हाती घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. 'चिरंजित लाल चौधरी' हा तो खटला कायद्याचे विद्यार्थी आजही समानतेच्या हक्कासाठी वाचतात. वर्गात घटनेचे कलम शिकवले जाते. त्यामागे सोलापूरच्या बंद फाटकाबाहेर डबा घेऊन उभा असलेला कामगार होता, हे सहसा सांगितले जात नाही.

२९/
मग १९७२ चा दुष्काळ. पुन्हा खडी, पुन्हा रस्ते आणि तलावांची कामे, आणि मजुरांच्या हाती सुकडी. रेशनवर आला तांबडा 'मिलो', म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिकडे जनावरांना घालतात, हे तेव्हाच सर्वांना कळले होते. मालदांडीच्या मुलुखाला बोटीने आलेली ज्वारी खावी लागली. त्या पिढीतल्या माणसांसमोर आजही मिलोचे नाव काढले, तर तोंडाची चव बदलते. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. टेंपल यांच्या एक पौंडाला राज्याने दिलेले उत्तर मिळायला शंभर वर्षे लागली.

३०/
मिलो गेला, पण ताट बदलू लागले. रेशनवर गहू आणि तांदूळ स्वस्त मिळू लागले. ज्वारीला तसा आधार मिळाला नाही. ओलिताखाली आलेल्या रानात ऊस शिरला. हवाईत जे झाले तेच पीक, आणि पाण्याची तीच ओढ. ज्वारी एकेकाळी गरिबाची म्हणून हिणवली गेली. आज बाजारात ती गव्हापेक्षा महाग मिळते, आणि मजुराच्या घरी पोळी असते तेव्हा बंगल्यात भाकरी असते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. तोवर ही उलथापालथ होऊन गेली होती.

३१/
गिरण्या बंद झाल्या, तशा अनेक घरांचा भार यंत्रमागावर आणि बायकांच्या विडीवर आला. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया, त्यांतल्या बहुतेक तेलुगू भाषक, स्वतःच्या घरासाठी वर्षानुवर्षे लढल्या. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली गोदूताई परुळेकर वसाहतीत त्यांची १०,००० घरे उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर आले, आणि तेथल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या.

३२/
मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाखाली एकत्र आणले. सावकाराच्या जाचातून सुटून त्या बँकेच्या कर्जदार झाल्या. सोलापुरात हे काम निराळ्या वाटेने झाले. कामगाराच्या डब्यातली भाकरी विक्रीची वस्तू झाली. घराघरांतून, बचत गटांतून कडक भाकऱ्या थापल्या जातात, चळत लावून कागदात बांधल्या जातात, आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत, परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत जाऊन पोहोचतात. पातळ भाकरी यंत्राला अजून नीट जमत नाही, हातच लागतो.

३३/
सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये. चादर विणणारा आणि ज्वारी पेरणारा, दोघांच्या दुपारच्या जेवणात जी होती ती भाकरी थापणारीचे नाव पुड्यावर असते ते बहुधा गटाचे, तिचे नव्हे. मजुरी भाकरीमागे मोजतात. भाकरी चुलीपासून उतरताना तुटली, तर ती मोजणीत धरत नाहीत. ती घरी राहते. संध्याकाळी कढत आमटीत कुस्करून, वर कच्चे तेल आणि शेंगाचटणी घालून खाल्ली जाते.